सारे कळते, पण बोलता येत नाही : मुलांमधील स्पीच अप्रॅक्सिया

गेल्या आठवड्यात या सदरात आपण मुलांच्या कानदुखीविषयी माहिती घेतली. आज मुलांच्या बोलण्यातील एका दोषाची ओळख करून घेऊ. हा दोष फारसा आढळत नाही, पण ज्या घरात आढळतो तेथे त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते, आणि नाव ठाऊक नसल्यामुळे मुलाला नको ते शिक्के आणि नको ते उपचार सोसावे लागतात.

दुपारी बाह्यरुग्ण विभाग आटोपत आला असताना एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा साडेतीन वर्षांचा, अंगाने चांगला, नजर तरतरीत. टेबलावरचा टॉर्च दिसताच त्याने बोटाने दाखवला आणि माझ्याकडे पाहून हसला. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोराची जीभ जड आहे. खालची तार तेवढी कापून द्या, म्हणजे बोलायला लागेल." मुलाची आई मागे उभी होती. तिने खालच्या आवाजात सांगितले, की बालवाडीच्या बाईंनी त्याला मतिमंद मुलांच्या शाळेत घालायला सांगितले आहे.

मी त्याच्या वरच्या ओठाला खडीसाखरेचा खडा टेकवला. त्याने जीभ सहज वर नेऊन ओठ चाटला. म्हणजे जिभेची तार आड येत नव्हती. मग मी त्याला सांगितले, "ही पट्टी खिडकीत ठेव आणि येताना दार लोटून घे." त्याने दोन्ही कामे बिनचूक केली. म्हणजे ऐकू येत होते आणि समजतही होते. मग म्हटले, "बाळ, पाणी म्हण बरं." त्याने माझ्या तोंडाकडे रोखून पाहिले. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. जीभ आतल्या आत काहीतरी शोधत राहिली. शेवटी शब्द आला तो 'बाई'. दुसऱ्यांदा म्हणायला सांगितले तेव्हा 'मानी', तिसऱ्यांदा नुसते 'आ-ई'. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

इतक्यात परिचारिका इंजेक्शनचा ट्रे घेऊन आत आल्या. तो पाहताच मुलगा ओरडला, "नको!" अगदी स्पष्ट. आई एकदम म्हणाली, "बघा डॉक्टर, येतं त्याला! मुद्दामच बोलत नाही. याच्यासाठी त्यानं माझा मार खाल्लाय."

वाचकहो, या एका प्रसंगात या दोषाची जवळजवळ सारी लक्षणे आली आहेत. आणि त्या माउलीची समजूत कशी चुकीची होती, हे समजावून सांगण्यासाठीच आजचा लेख आहे.

एक साधा शब्द उच्चारताना काय होते?

आपण 'पाणी' हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. 'प' साठी दोन्ही ओठ मिटतात, मागे हवा कोंडते आणि ओठ झटकन उघडतात. त्या क्षणी गळ्यातील स्वरयंत्र गप्प असते. लगेच 'आ' साठी जबडा खाली येतो आणि स्वरयंत्र कंप पावू लागते. 'ण' साठी जिभेचे टोक वळून वर टाळूला लागते, टाळूचा मागचा मऊ भाग खाली येतो आणि हवा नाकातून जाते. शेवटी 'ई' साठी जीभ पुढून उंचावते आणि नाकाची वाट पुन्हा बंद होते. ओठ, जबडा, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास अशा सर्वांनी ठरलेल्या क्रमाने काम करायचे, आणि तेही अर्ध्या सेकंदाच्या आसपास!

एवढे सगळे आपण विचार न करता करतो, कारण त्याची योजना मेंदूत तयार असते. कोणता अवयव कधी, किती आणि कोणत्या दिशेने हलवायचा, याचा आराखडा मेंदू आखतो आणि त्याप्रमाणे स्नायूंना हुकूम जातात. लहान मूल पहिल्या तीन-चार वर्षांत ऐकून, चुकून, पुन्हा करून हे आराखडे पक्के करते.

स्पीच अप्रॅक्सियामध्ये दोष या आराखड्यात असतो. शाळेतील लेझीम पथक डोळ्यांसमोर आणा. मुले धडधाकट आहेत, लेझमी नव्या आहेत, हलगीही ठीक वाजते आहे. पण पुढे उभा असलेला मुलगा इशारे चुकीच्या क्रमाने देतो. मग एक रांग बसते, दुसरी उठते आणि सारा खेळ विसकटतो. त्यात मुलांच्या हातापायांचा काही दोष नसतो. अप्रॅक्सिया झालेल्या मुलाचेही तसेच. काय म्हणायचे ते त्याला माहीत असते, ओठ-जीभ सशक्त असतात, पण मधला इशारा नीट पोचत नाही.

'अप्रॅक्सिया' हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ 'क्रिया न साधणे' असा. अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर काही प्रौढांनाही असा त्रास होतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील फ्रेडरिक डार्ली यांनी १९६० च्या दशकात प्रौढांमधील या दोषाचे सविस्तर वर्णन केले. मुलांमध्ये मात्र हा दोष बोलणे शिकण्याच्या वयातच असतो, म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो. हजार मुलांमागे साधारण एक ते दोन मुलांना तो असावा असा अंदाज आहे. मुलींपेक्षा मुलग्यांत तो अधिक दिसतो.

ओळखावे कसे?

अमेरिकेतील वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली या दोषाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तीन मुख्य खुणा सांगितल्या आहेत. आपल्या भाषेतील उदाहरणांवरून त्या समजावून घेऊ.

पहिली खूण : चूक दर वेळी वेगळी होते. एखादे मूल 'काका'ला 'ताता' म्हणते, 'कप'ला 'तप' म्हणते आणि 'कावळा'ला 'तावला' म्हणते. त्याची चूक ठरलेली आहे, 'क' च्या जागी 'त'. हा बहुधा साधा बोबडेपणा असतो. अप्रॅक्सिया असलेले मूल मात्र 'कपाट' हा शब्द एकदा 'पकाट', एकदा 'तपात', तर एकदा 'काट' असा म्हणते. व्यंजनेच काय, 'आ'चा 'ओ', 'इ'चा 'ए' असे स्वरही बिघडतात. स्वर बिघडणे ही गोष्ट साध्या बोबडेपणात फारशी दिसत नाही.

दुसरी खूण : एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाताना मूल अडते. अक्षरे सुटी सुटी पडतात, मधे खंड पडतो. 'पा' म्हणता येते, 'पाणी' म्हणताना ओढाताण होते आणि 'पाणीपुरी' म्हणताना सारेच कोसळते. शब्द जितका लांब तितकी अडचण मोठी. अशा वेळी ओठ-जीभ जागा शोधत चाचपडताना दिसतात.

तिसरी खूण : बोलण्याची चाल सपाट किंवा विचित्र वाटते. 'आई आली' आणि 'आई आली?' यांतला फरक आपण आवाजाच्या चढउताराने दाखवतो. या मुलांना तो नीट साधत नाही. एकेक अक्षर सारख्याच वजनाने, ठोकून ठोकून बोलल्यासारखे येते.

याशिवाय पालकांच्या लक्षात येणाऱ्या आणखी काही गोष्टी असतात. तान्हेपणी मूल फारसे 'बा-बा-बा, दा-दा-दा' करत नव्हते असे आई सांगते. एखादा शब्द एक दिवस स्पष्ट येतो, आणि पुढे कित्येक महिने ऐकू येत नाही. मुलाला समजते पुष्कळ, पण बोलता येते थोडे. मग ते खाणाखुणा करते, हाताला धरून नेते, आणि एवढे करूनही कोणाला कळले नाही तर आदळआपट करते. त्या रागाला 'हट्टीपणा' म्हणण्यापूर्वी आपल्याला दिवसभर तोंड बांधून घरात वावरावे लागले तर काय होईल, याचा विचार करावा.

"मग 'नको' कसे म्हणाला?"

हा प्रश्न आईने विचारला, आणि तो प्रत्येक घरात विचारला जातो. याचे उत्तर नीट समजून घ्यावे.

आपले सगळे बोलणे एकाच जातीचे नसते. दचकल्यावर 'अगं आई गं' तोंडून निघते ते विचार करून नव्हे. राग, भीती, आनंद यांच्या भरात निघालेले किंवा रोजच्या सवयीने घोटले गेलेले शब्द आपोआप येतात. कोणी 'असे म्हण' असे सांगितल्यावर मुद्दाम जुळवणी करून बोलणे हे वेगळे काम आहे. अप्रॅक्सियामध्ये अडचण येते ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात. म्हणून मूल रागाच्या भरात 'नको' म्हणून जाते, आणि पाच मिनिटांनी 'नको म्हण बरं' असे सांगितले की ओठ हलवत उभे राहते. त्यात ढोंग नाही, लबाडी नाही. उलट, जितका आग्रह करावा, जितका धाक दाखवावा, तितके ते अधिक अडते. पाहुण्यांसमोर 'नाव सांग, नाव सांग' म्हणून मुलाला उभे करणे ही या मुलांसाठी शिक्षाच ठरते.

दुसऱ्या दोषांपासून वेगळे कसे करावे?

उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला अप्रॅक्सिया असतो असे मुळीच नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत आधी कान. मूल हाक मारल्यावर वळते, एवढ्यावर समाधान मानू नये. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्यामुळे मोठी हाक ऐकू येते, पण 'स', 'श' यांसारखे वर्ण निसटतात. लहान मुलांसाठी 'बेरा' नावाची तपासणी असते. तीत मुलाने उत्तर द्यावे लागत नाही. बोलण्याची कोणतीही तक्रार असेल तर श्रवणचाचणी झालीच पाहिजे.

दुसरे, स्नायूंचा अशक्तपणा. मूल चावताना दमते, घास तोंडातून सांडतो, बरीच लाळ गळते, आवाज नाकातून येतो, आणि चूक दर वेळी साधारण सारखीच असते. हे स्नायूंच्या दुबळेपणाचे लक्षण असू शकते. त्याचे उपचार वेगळे.

तिसरे, तोतरेपणा. त्यात 'मा-मा-मामा आला' असे तेच अक्षर पुन्हा पुन्हा येते किंवा शब्द अडून राहतो, पण शब्द बाहेर पडतो तेव्हा बरोबर असतो.

चौथे, स्वमग्नता. तिच्यात बोलण्याबरोबरच नजरेला नजर देणे, बोट दाखवून दुसऱ्याला काही दाखवणे, मिळून खेळणे यांतही अडचण असते. वर सांगितलेल्या मुलाने टॉर्च दाखवून माझ्याकडे हसून पाहिले होते, ही नोंद म्हणूनच महत्त्वाची होती.

पाचवे, एकूण विकासच मंद असणे. त्यात बोलण्याबरोबर समजणे, खेळणे, स्वतःचे स्वतः करणे हेही मागे असते.

कधी कधी यांपैकी दोन गोष्टी एकाच मुलात असू शकतात. म्हणून निदान तज्ज्ञानेच करायला हवे. ते काम वाचा-उपचारतज्ज्ञाचे, म्हणजे स्पीच थेरपिस्टचे. रक्ताच्या चाचणीत किंवा मेंदूच्या छायाचित्रात अप्रॅक्सिया सहसा दिसत नाही. बहुतेक मुलांचा एमआरआय नेहमीसारखाच असतो. तज्ज्ञ मुलाला बोलते करतात, लहान-मोठे शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात आणि कानांनी, डोळ्यांनी पारखतात. थोड्या मोठ्या मुलांना 'पा-ता-का, पा-ता-का' असे भरभर म्हणायला सांगण्याची रीत जगभर आहे. ओठ, जिभेचे टोक आणि जिभेचा मागचा भाग यांची आळीपाळीने परीक्षा त्यात होते. आपल्याकडे तर 'पताका' हा शब्दच आहे! मूल जेमतेम दोन-चार शब्द बोलत असेल तर तज्ज्ञ लगेच ठाम निदान करत नाहीत. तीन वर्षांच्या आधी बहुधा 'संशय आहे' एवढेच म्हणतात. परंतु निदान पक्के होण्याची वाट पाहत उपचार मात्र थांबवायचे नसतात.

कशामुळे होतो?

काही मुलांमध्ये जन्मापूर्वी किंवा नंतर मेंदूला झालेली इजा, मेंदूचा आजार असे कारण सापडते. काही मुलांत जनुकीय दोष असतो. गॅलॅक्टोसेमिया या दुर्मिळ विकारातही तो आढळतो. या विकारात दुधातील साखर पचवल्यानंतर तिचा एक भाग शरीराला वापरता येत नाही. जनुकांविषयीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या माणसांना बोलण्याची अशीच अडचण होती. त्यांचा अभ्यास करता करता २००१ साली 'फॉक्सपी-टू' नावाच्या जनुकातील दोष सापडला. बोलण्याच्या दोषाशी नेमका जोडता आलेला हा पहिला जनुक. पण अप्रॅक्सियाच्या बहुतेक मुलांत हा जनुक ठीकच असतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.

कशामुळे होत नाही, हेही सांगणे जरूर आहे. आईने गरोदरपणी ग्रहण पाहिले म्हणून हा दोष होत नाही. आई नोकरीला जाते म्हणून होत नाही. घरात अहिराणी किंवा कोकणी, शेजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा भाषांच्या गर्दीनेही होत नाही. मोबाईल पाहिल्यानेही अप्रॅक्सिया होत नाही. मात्र जो वेळ मुलाने मोबाईलसमोर घालवला, तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोलले नाही, हे खरे. या मुलांना बोलण्याचा सराव इतरांपेक्षा जास्त हवा असतो. म्हणून मोबाईल दूर ठेवलेला बरा.

चुकीचे उपाय

जिभेची तार कापणे हा आपल्याकडचा सर्वांत आवडता उपाय. तार खरोखरच आखूड असेल तर तान्ह्या बाळाला अंगावर पिताना त्रास होतो, आणि तेव्हा डॉक्टर ती सोडवतात. पण तार आखूड असल्यामुळे मूल बोलतच नाही असे होत नाही. आणि अप्रॅक्सियाचे मूळ जिभेत नसतेच. मग जीभ कापून काय साधणार?

वेखंड उगाळून चाटवण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. वेखंड जास्त झाले तर उलट्या होतात, आणि लहान जिवाला तेवढे पुरते. वर्षाच्या आतील बाळाला मधही देऊ नये. शंखातले पाणी पाजणे, तोंडात गारगोट्या ठेवून बोलायला लावणे यांचा उपयोग नाही. गारगोटी श्वासनळीत अडकली तर जिवावर बेतेल.

फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, जीभ गोल फिरवणे असे व्यायाम काही ठिकाणी अजून शिकवतात. खेळ म्हणून ठीक आहेत. पण नुसत्या फुंकण्याने बोलणे सुधारते असे सिद्ध झालेले नाही. सायकल चालवायला शिकायची तर सायकलवरच बसावे लागते. तसेच बोलणे शिकायचे तर शब्दच बोलावे लागतात.

या दोषावर गोळी, टॉनिक किंवा शस्त्रक्रिया नाही. 'बुद्धी व वाचा वाढवणारे' म्हणून विकले जाणारे महागडे औषध दिसले तर पैसे वाचवावेत.

योग्य उपचार

उपचार म्हणजे वाचा-उपचार, आणि त्याचा प्राण म्हणजे सराव. हा सराव वारंवार व्हावा लागतो. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, एका वेळी एकाच मुलाला घेऊन उपचार करावेत असे तज्ज्ञ सुचवतात. महिन्यातून एकदा शहरात जाऊन तासभर बसण्यापेक्षा थोडा थोडा रोजचा सराव अधिक फळ देतो.

आरंभी मोजकेच शब्द निवडतात. ते मुलाच्या उपयोगाचे हवेत. 'आई', 'दे', 'नको', 'पाणी', 'मी', 'झालं' असे. उपचारतज्ज्ञ मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसतात. आधी शब्द मुलाबरोबर एकत्र, अगदी सावकाश म्हणतात. मूल त्यांच्या तोंडाकडे पाहते. लागल्यास ते बोटांनी मुलाचे ओठ मिटायला मदत करतात. जमू लागले की मूल मागून म्हणते. मग मधे थोडे थांबून म्हणते. शेवटी विचारल्यावर आपले आपण म्हणते. म्हणजे आधार हळूहळू काढून घ्यायचा, जसे सायकल शिकवताना मागचा हात सोडतात तसे. एका बैठकीत एकेक शब्द कितीतरी वेळा म्हणून होतो. मेंदूत वाट पडते ती अशा घासण्यानेच.

घरी पालकांनी तज्ज्ञांनी दिलेलेच शब्द घ्यावेत. पाच-दहा मिनिटांचा सराव, दिवसातून तीन-चार वेळा, खेळता खेळता करावा. चेंडू टाकताना 'दे', कपडे घालून झाले की 'झालं'. प्रयत्न केल्याबद्दल शाबासकी द्यावी, मग उच्चार अर्धामुर्धा का असेना. 'असं नाही, नीट बोल' असे म्हणण्याऐवजी आपण तो शब्द बरोबर उच्चारून दाखवावा आणि पुढे जावे.

शब्द येईपर्यंत मुलाला दुसरी वाट द्यावी. खाणाखुणा, चित्रांचा तक्ता, वहीत चिकटवलेले पाणी, भाकरी, संडास, बाहेर यांचे फोटो. 'खुणांची सवय लागली तर बोलणारच नाही' अशी भीती पालकांना वाटते, पण ती खरी नाही. आपले म्हणणे पोचते आहे असे कळले की मुलाची चिडचिड कमी होते आणि बोलण्याचा उत्साह उलट वाढतो.

या कामाला महिने नव्हे, बहुधा वर्षे लागतात, हे आधीच सांगितलेले बरे. दोष किती तीव्र आहे, उपचार कधी सुरू झाले आणि बरोबर दुसरे काही आहे का, यांवर सुधारणा अवलंबून असते. नियमित उपचार मिळालेली पुष्कळ मुले लोकांना समजेल असे बोलू लागतात. काहींना पुढे वाचताना, लिहिताना अडचण येते, म्हणून पहिली-दुसरीत त्यांच्याकडे लक्ष ठेवावे.

गुरुजी आणि बाईंना विनंती

वर्गात असे मूल असेल तर त्याला एकट्याला उभे करून कविता म्हणायला लावू नये. सर्वांबरोबर सुरात पाढे म्हणू द्यावेत. त्यात त्याला आधार मिळतो. तोंडी परीक्षेऐवजी बोट दाखवून, चित्र निवडून, लिहून उत्तर घ्यावे. बोलताना थांबले तर वाक्य आपण पूर्ण करू नये, क्षणभर थांबावे. 'मुका', 'बोबड्या' ही नावे वर्गात चालू देऊ नयेत. बोलता न येणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, हे मुलांना गुरुजींनी सांगितले तर पटते.

केव्हा आणि कोठे जावे?

नऊ-दहा महिन्यांचे बाळ बोबडे आवाज काढत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचे झाले तरी 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर वाट पाहू नये. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्यालाही बरेचसे कळावे, आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सारे. 'याचा मामाही पाचव्या वर्षी बोलला' हे वाक्य प्रत्येक घरात असते. मामा बोलला ही आनंदाची गोष्ट, पण भाचा त्याच्यासारखाच बोलेल याची हमी कोणी द्यावी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणाऱ्या पथकाला मुलाच्या बोलण्याची तक्रार आवर्जून सांगावी. या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागातही श्रवणचाचणी व वाचा-उपचाराची सोय अनेक ठिकाणी असते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या याच कामासाठी आहेत. खाजगी उपचारतज्ज्ञाकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे मोकळेपणाने विचारावे. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसतील तर काही जण आता व्हिडिओ कॉलवरूनही मार्गदर्शन करतात. मोबाईलचा एवढा उपयोग मात्र जरूर करून घ्यावा.

लेखाच्या आरंभीच्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्याची श्रवणचाचणी ठीक निघाली. उपचारतज्ज्ञांनी अप्रॅक्सियाचे निदान केले. आई आठवड्यातून तीन दिवस एसटीने त्याला घेऊन जाई, आणि घरचा सराव आजींनी आपल्याकडे घेतला. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या त्या बाईंना एक शब्द शंभरदा म्हणण्याचा कंटाळा कसा येणार? वर्षभराने तिघे पुन्हा आले. मुलाने माझ्याकडे पाहिले, ओठ मिटले, थोडा थांबला आणि म्हणाला, "पा... णी." तो शब्द साफ नव्हता, पण तिन्ही वेळा तोच आला. आजी मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तार राहिली ते बरं झालं."

आईने त्या दिवशी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. ती काही बोलली नाही, आणि मीही विचारले नाही.

आपल्या घरात, शेजारी किंवा वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याच्यावर हात उगारण्यापूर्वी एवढेच लक्षात ठेवावे, की ते बोलायचे टाळत नसते. आपण सारे मिळून दिवसभरात करतो त्यापेक्षा अधिक कष्ट ते एका शब्दासाठी करत असते.

(पुढील आठवड्यात : मुलांमधील तोतरेपणा)